न तडकणारी काच आणि तिची भट्टी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने काचेच्या भट्टीवर लिहावे, हे पाहून कित्येक सभासद बंधूंस हसू येईल. परंतु आमच्या पुतण्याने बडोद्याजवळ प्रयोगशाळांस लागणाऱ्या काचसामानाचा कारखाना काढण्याचे मनात आणून आमच्याकडे भांडवल मागितले. आणि माल न पाहता पैसा लावण्याची आम्हांस सवय नाही. सबब अशाच एका चालू कारखान्यात चार दिवस बसून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आमच्या पिढीने घरोघर पाहिले आहे. थेंबाखालची काच एकदम आकसते, शेजारची तशीच फुगलेली राहते, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉन घालून अशी काच सिद्ध केली की, तिचे फुगणे-आकसणे साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांश भरते. हीच बोरोसिलिकेट काच. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने १९१५ साली तिची स्वयंपाकाची भांडी पायरेक्स या नावाने विक्रीस आणली. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका व १३ टक्के बोरॉनचे ऑक्साइड असते. बोरॉन हे काही परके द्रव्य नव्हे. पूर्वी तिबेट-लडाखकडून आपल्याकडे येत असलेल्या टाकणखारात तेच असते.

आता या गुणाची किंमत पाहू. फुंकून आकार देण्याइतकी मऊ होण्यास साध्या काचेला हजार अंश सेंटिग्रेडच्या आसपास उष्णता पुरते; या काचेला सुमारे १२५० अंश लागतात. शिवाय भट्टीबाहेर काढताच ती चटकन ताठरते. लहान नळ्यांचे काम ऑक्सिजन व गॅसच्या ज्योतीवर होते. पण मोठे पात्र ज्योतीवर सर्व बाजूंनी सारखे तापत नाही. म्हणून कारागीर ते फुंकनळीवर धरून पुन्हा पुन्हा एका खास भट्टीच्या तोंडात घालतो. ही काच वितळविण्याची भट्टी नव्हे; केवळ पुन्हा तापविण्याची. एक पोलादी पिंप आडवे ठेवलेले, आत अस्तर, पुढे उघडे तोंड, बाजूने बर्नर आणि हवेसाठी पंखा, एवढाच तिचा संसार. फुंकनळी टेकण्यास पुढे चाकांची घोडी असते, व नळी सतत फिरवावी लागते. हात थांबला की काच एका बाजूला लोंबते. तयार नग मग दुसऱ्या भट्टीत ५६० अंशांच्या सुमारास धरून सावकाश निववितात.

आम्ही पुतण्यास विचारले, “साध्या काचेची जुनी भट्टी स्वस्तात मिळते म्हणतोस, तीच अधिक तापवली तर?”

“काका, अस्तर टिकणार नाही,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे निघाले. साधे सिरॅमिक लोकरीचे अस्तर १२६० अंशांचे म्हणून विकले जाते. झिरकोनिया घातलेले १४३० अंशांचे. बारदानावर छापलेले वजन आणि काट्यावरचे वजन यांत जसा फरक निघतो, तसेच येथेही. हे अंक परीक्षेचे असून रोजच्या वापराची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. बोरो कामाची भट्टी १३०० अंशांच्या वर ठेवावी लागते, तेव्हा साधे अस्तर आकसून भेगाळते.

इंधनाचा हिशेब आम्ही स्वतः मांडला. उघड्या तोंडातून जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ११५० ऐवजी १३५० अंश ठेवले, की तेवढ्याच तोंडातून सुमारे १.७ पट उष्णता बाहेर जाते! म्हणून तोंडाला लहान-मोठी दारे हवीत; नगापुरतेच उघडावे. गॅसच्या एका मापास हवेची पंचवीस ते तीस मापे लागतात, तेव्हा पंख्यावर काटकसर करू नये. एकाच नळकांड्यातून गॅस फार वेगाने ओढला तर नळकांडे गारठून दाब उतरतो; चार-सहा एकत्र जोडावी लागतात.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसलो. कारागीर घालतात तो डिडिमियमचा चष्मा ज्योतीतील पिवळा झगमगाट अडवितो, पण भट्टीची अदृश्य उष्ण किरणे अडवीत नाही. त्यांनी काचकामगारांस मोतीबिंदू होतो, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तापून जुने झालेले लोकरीचे अस्तर काढताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक, आणि आपल्या स्वयंपाकघरातलाच हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साठतो. पुतण्याच्या अंदाजपत्रकात यांपैकी एकाचाही खर्च धरलेला नव्हता.

आम्ही निम्मी रक्कम दिली. उष्ण किरणे अडविणारे चष्मे, धुळीचे मुखवटे, ज्योत विझताच गॅस बंद करणारी झडप आणि भिंतीस जमिनीलगत जाळीचे झरोके, एवढे झाल्यावर बाकीची रक्कम देऊ असे सांगितले. पुतण्या दोन महिने रुसला होता. गेल्या पंधरवड्यात झरोके पाडून झाल्याचे त्याने कळविले आहे; पाहण्यास आम्ही येत्या रविवारी जात आहोत.