नळीचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस : लेखांक ६

टाके कुणाला परके नसतात. कोयता लागलेला पाय, अवघड बाळंतपण, हर्नियाचं ऑपरेशन. कुठल्याही पाड्यावर टाके पडलेलं एखादं माणूस सापडतंच. नळीचं तसं नाही. अंगातून बाहेर आलेली पेन्सिलीहून बारीक नळी, तिच्या टोकाला लालसर पाण्याने भरत जाणारी डबी, आणि हे सगळं तसंच घेऊन उद्या घरी जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं की डहाणू-तलासरीतल्याच काय, दादरच्या माणसांचेही चेहरे उतरतात. ‘अजून आतून गळतंय, मग घरी कसं सोडता?’ प्रश्न रास्त आहे. घाईगर्दीच्या वॉर्डात त्याचं उत्तर बहुधा ‘काही होत नाही’ एवढंच मिळतं. ते अपुरं आहे, आणि अपुऱ्या उत्तरामुळेच पुढचे घोटाळे होतात. नळी घरी नेण्यात खरा धोका नाही. ती कशासाठी आहे, रोज काय मोजायचं आणि कधी काढायची हे न सांगता घरी पाठवण्यात आहे.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की सिनेमावाल्यांची नाकं आठवतात. डहाणू, तलासरीहून मुंबईला, वलसाडला किंवा सिल्वासाला जाणारा रुग्ण त्यासाठी जात नाही. चुलीवर भाजून आखडलेली मान, महामार्गावरच्या अपघातात मांस उडालेला पाय, तंबाखूने झालेल्या कर्करोगात काढावा लागलेला गाल, स्तनाच्या कर्करोगानंतरची छाती, अशी ही कामं असतात. खड्डा भरायला शरीराच्या दुसऱ्या भागातली कातडी, चरबी, कधी स्नायूही रक्तवाहिनीसकट आणून बसवतात. नुसता कातडीचा पातळ पापुद्रा लावला असेल तर बहुधा नळी लागत नाही. पण जाड थर जिथून उचलला आणि जिथे बसवला, तिथे कातडीखाली पोकळी राहते आणि तिच्यात रक्त आणि लसिका झिरपत राहते. ते पाणी साचलं तर वरचा थर खालच्याला चिकटत नाही, कातडी ताणली जाते, आणि साचलेल्या पाण्यात जंतूंना आयतं खायला मिळतं. नळी हे पाणी बाहेर काढते आणि दोन थर एकमेकांवर दाबून ठेवते. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच रुग्णाला कुणी सांगत नाही.

हे दाबून ठेवण्याचं काम टोकाची डबी करते. आपल्याकडे वॉर्डात तिला सर्रास ‘रोमोव्हॅक’ म्हणतात. एका उत्पादनाचं नाव वस्तूलाच चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं. आत स्प्रिंग असलेला हा प्लास्टिकचा भाता. दाबून चपटा केला आणि बूच लावलं की स्प्रिंग उसळी घेऊ पाहते आणि त्या ओढीने आतलं पाणी खेचलं जातं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. बंद निर्वात नळीची ही कल्पना आंरी रेदों या फ्रेंच शल्यविशारदाने १९५४ मध्ये मांडली. त्याआधीच्या उघड्या रबरी पट्ट्या पाणी कापसावर सोडत आणि जंतूंना वाट करून देत. स्प्रिंगच्या या ओढीवरून एक गोष्ट ध्यानात येईल. भाता फुगून उभा राहिला की त्याची ओढ संपली. निम्मा पाण्याने आणि निम्मा हवेने भरलेला भाता पाहून ‘अजून जागा आहे, संध्याकाळी बघू’ म्हणणं म्हणजे नळी असून नसल्यासारखी ठेवणं.

रिकामा करण्याचं काम पाच मिनिटांचं आहे. साबणाने हात धुवायचे, आणि कोपरापर्यंत. नळीवरची चिमट बंद करायची. बूच उघडून पाणी मापाच्या कपात किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये घ्यायचं. भात्यावर छापलेल्या रेघांवर विसंबू नये, कारण तो अर्धवट फुगलेला असताना त्या खरं सांगत नाहीत. बुचाच्या तोंडाला बोट लावायचं नाही. भाता सपाट जागेवर पुरता दाबायचा, दाबलेला असतानाच बूच बसवायचं, मग चिमट सोडायची, आणि सोडायला विसरायचं नाही, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पाणी संडासात किंवा खड्ड्यात ओतायचं, पुन्हा हात धुवायचे. नळीत गाठ अडकलेली दिसली तर एका हाताने कातडीजवळ नळी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने ती भात्याकडे निपटत न्यायची. गाय पिळणाऱ्या घरात हे शिकवावं लागत नाही. पहिला हात सोडायचा नाही, एवढंच बजावावं लागतं. भाता कापडी पिशवीत घालून कमरेच्या नाडीला बांधावा, जखमेच्या वर टांगू नये. जमिनीवर झोपणाऱ्याने तो अंगाशेजारी ठेवला तरी चालतो, कारण ओढ स्प्रिंगची आहे; नळीवर अंग पडू नये, इतकंच. चुलीसमोर बसताना मात्र ती पिशवी पुढे लोंबत असता कामा नये.

आता हिशेब. दिवसाचं, म्हणजे चोवीस तासांचं पाणी किती आणि कोणत्या रंगाचं, या दोन गोष्टींवर नळीचं आयुष्य ठरतं. पहिले एक-दोन दिवस लाल, मग गुलाबी, मग गवताच्या काडीसारखं पिवळट असा रंग उतरत जातो. सलग दोन दिवस चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या आत पाणी आलं की बरेच शल्यविशारद नळी काढतात. कुणी २० धरतं, कुणी ५०. लवकर काढली तर पाणी पुन्हा साचून सुईने उपसावं लागतं. उशीर केला तर कातडीवरचे जंतू नळीच्या कडेकडेने आत उतरायला सवड मिळते. म्हणून ‘पंधरा दिवसांनी या’ हा सल्ला आळशी आहे. एकाची नळी पाचव्या दिवशी निघायला हवी असते, दुसऱ्याची बाराव्या. हे ठरवणारी माहिती घरातच तयार होते. ती कुणी लिहून ठेवली नाही, तर मुंबईतला मोठ्यात मोठा डॉक्टरही अंदाजच बांधणार. पाणी आणणं, ओझं उचलणं, हात वर करून काम करणं यांनी झिरपणं वाढतं. चौथ्या दिवशी हंडा उचलला हे आकड्यात पाचव्या दिवशी दिसतं. घरच्यांना समजावायला हा आकडा डॉक्टरांच्या दटावणीपेक्षा उपयोगी पडतो.

नळीसकट घरी पाठवण्यावरचा पहिला आक्षेप स्वच्छतेचा. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, शेजारी गोठा, पावसाळ्यात सदा ओल. अशा घरात नळी पाठवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण नाही का? १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मँचेस्टरमध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या शंभर स्त्रियांपैकी काहींना दोन दिवसांनी नळीसकट घरी सोडलं, बाकीच्यांना नेहमीइतकं ठेवून घेतलं. घरी गेलेल्यांना अपाय झाला नाही, उलट त्यांचा खांदा पुढे जास्त मोकळा झाला. यावर ‘मँचेस्टरचं घर आणि तलासरीतल्या उधव्याचं घर एक नव्हे’ असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. तिथे घरी जाणाऱ्या परिचारिका होत्या. पण मग प्रश्न भिंतीचा उरत नाही, परिचारिकेचा उरतो. बंद भात्यात जंतू शिरण्याच्या वाटा मुख्यतः दोन: बुचाचं तोंड आणि नळी जिथे कातडीतून निघते ते भोक. दोन्ही जागा हातांच्या स्वच्छतेवर अवलंबून आहेत, सारवलेल्या जमिनीवर नाहीत. त्या भोकावर हळद, राख किंवा पाल्याचा रस लावायचा नाही, ते कोरडं ठेवायचं, आंघोळ त्याच्याखालून करायची, हे समजावलं तर कुडाचं घर आड येत नाही. शिवाय वॉर्डाचं वातावरण निर्जंतुक असतं ही समजूतही तपासून घ्यायला हवी; औषधांना दाद न देणारे जंतू गोठ्यात कमी, रुग्णालयात जास्त भेटतात.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा, आणि तो मला अधिक खटकतो. अडाणी माणसं मिलिलिटर काय मोजणार? याचं उत्तर महाराष्ट्राने आधीच दिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी, अगदी जंतुसंसर्गाची इंजेक्शनंसुद्धा शिकवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला डॉ. नोशिर अंटिया यांनी जेमतेम शिकलेल्या बायकांकडून गावाचं आरोग्य सांभाळून घेतलं. अंटिया होते कोण? जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे आणि कुष्ठरोग्यांचे हात, नाक, चेहरे नव्याने घडवणारे शल्यविशारद. अवघड हातकाम स्वतः करणाऱ्या माणसानेच सोपं काम गावाच्या हाती द्यावं असं म्हटलं, याला वजन आहे. आणि डहाणू तालुक्याला तर बाहेरचे दाखलेही नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळा पाड्याच्या अंगणात नेली आणि शिंपले, खडे, बिया यांनी गणती शिकवली. आकडे न येणाऱ्या आजीने सिरिंजभर पाण्याला भिंतीवर एक रेघ ओढली, तर तो नळीचा चोख हिशेब आहे. दहा मिलिलिटरची सिरिंज असेल तर दिवसात तीन रेघांच्या आत, दोन दिवस. यात न समजण्यासारखं काय आहे?

तिसरा आक्षेप खुद्द शल्यविशारदांचा: नळी घालायचीच कशाला? तो खोडून काढण्यासारखा नाही. स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत नळीने फायदा होत नाही, मुक्काम मात्र वाढतो, असं २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. काखेतल्या गाठी काढल्यावर मात्र नळीमुळे पाणी साचणं कमी होतं, असा त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्याचा कौल होता. पुरावा मर्यादित आहे हेही त्यात नोंदलेलं होतं. पोटाच्या शस्त्रक्रियेत आतले थर टाक्यांनी जागोजाग खाली शिवून पोकळीच बंद करायची पद्धत आहे. गोधडी शिवताना धावदोरा घालतात तशी. जिथे नळी टाळता येते तिथे ती टाळावीच, आणि दूरच्या रुग्णाच्या बाबतीत हा विचार शस्त्रक्रियेच्या आधी व्हावा. पण काखेच्या आणि मोठ्या थरांच्या शस्त्रक्रियांत ती बराच काळ राहणार आहे.

राहता राहिला अंतराचा मुद्दा, आणि खरी अडचण तिथे आहे. उपनगरी लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली खरी, पण तिथून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तलासरीला तर रेल्वेच नाही. पहाटे पाड्यावरून निघून, जीप, मग एसटी, मग गर्दीची लोकल, तीही कमरेला भाता बांधून. सोबतच्याची मजुरी बुडवून. आणि कशासाठी, तर एक टाका कापून नळी ओढून काढायला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रचनेत सुट्टीनंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं आहे. नळी मात्र दहा दिवसांची मुदत पाळत नाही, आणि परत तपासणीला येण्याचं भाडं त्या भाड्यात येत नाही. म्हणून नळी काढणं डहाणूच्या किंवा कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवं. तिथला वैद्यकीय अधिकारी हे करू शकतो. तो कचरतो ते कौशल्य नाही म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेत हात घालायचा, आणि बिघडलं तर कुणाच्या माथी, म्हणून. हा पेच एका कागदाने सुटतो: सुट्टीच्या कार्डावर नळ्या किती, कुठे, कोणत्या आकड्याला काढायच्या आणि शंका आल्यास फोन कुणाला, हे लिहून सही. तेवढी ओळ लिहायला ज्यांना वेळ नसतो, त्यांना पुढे पाणी उपसायला मात्र वेळ काढावा लागतो.

आणि आशाताई? नवजात बाळासाठी ४२ दिवसांत सहा-सात भेटी देणारी, ताप मोजून तक्त्यात लिहिणारी बाई भात्याचा आकडा लिहू शकते, यात शंका नाही. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर तर पाड्यातल्याच बाईला दाखवणं रुग्णालाही सोपं जातं. पण तिच्या डोक्यावर आणखी एक काम फुकट टाकायला माझा विरोध आहे. बाळाच्या भेटींचा मोबदला ठरलेला आहे, तसा याचाही ठरावा. तोवर हे काम घरच्यांचं, आणि ते शिकवण्याचं काम सोडणाऱ्या वॉर्डचं. शिकवणं म्हणजे तोंडी सांगणं नव्हे. सुट्टीच्या आदल्या दिवशी घरच्या माणसाने परिचारिकेसमोर भाता स्वतः रिकामा करून दाखवावा आणि दाबून बसवावा. हात चुकला तर पुन्हा. वारली किंवा गुजरातीमिश्रित बोलीत ‘कळलं का’ला मान हलवणं सोपं असतं, भात्याचं बूच बसवताना खरं काय ते दिसतं.

वाट न पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या त्याच दिवशी दवाखाना गाठण्याच्या आहेत. पिवळं झालेलं पाणी अचानक पुन्हा लालभडक होऊन भाता तासा-दोन तासांत भरला. पाणी गढूळ झालं, वास येऊ लागला, भोकाभोवती लाली पसरली, थंडी वाजून ताप आला. पाणी एकाएकी थांबलं आणि कातडीखाली फुगा आला. म्हणजे पाणी संपलेलं नाही, नळी तुंबली आहे. बसवलेल्या थराचा रंग निळसर-काळपट पडू लागला, तर ही तासांची शर्यत असते, १०८ बोलवावी. दाबलेला भाता लगेच फुगतो आहे तर कुठून तरी हवा शिरते आहे: आधी बूच पाहा, मग भोकाजवळ नळीची छिद्रं बाहेर सरकलीत का ते पाहा. सरकलेली नळी आत ढकलायची नाही, निसटून आली तरी परत घालायची नाही. स्वच्छ गॉज दाबून धरून निघायचं, आणि निसटलेली नळी पिशवीत घालून सोबत न्यायची. टोक अखंड आहे की नाही हे डॉक्टरांना पाहायचं असतं.

ठरल्या दिवशी काढतानाही तेच पाहतात. आधी भात्याची ओढ सोडतात, टाका कापतात, रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि नळी एका सरळ ओढीत बाहेर येते. क्षणभर आत काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं, चटका बसतो, झालं. भोकाला बहुधा टाका लागत नाही; एक-दोन दिवस थोडं पाणी कापसाला लागतं, मग ते आपोआप मिटतं. रेघांचा कागद मात्र फेकू नये, पुढच्या तपासणीला तो लागतो. नळी निघाल्यावर कातडीखाली पुन्हा पाणी साचलं तर ते हाताला कसं लागतं, आणि ते उपसावं की तसंच राहू द्यावं, याबद्दल पुढच्या आठवड्यात.