जबलपूरच्या जोंग्याचं अमेरिकन आजोळ

जबलपूर म्हटलं की बहुतेकांना भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा तुषार उडवणारा धबधबा आठवतो. मला मात्र आधी आठवतात त्या सायकली! माझं आजोळ जबलपूरचं. लहानपणी सुटीत गेलं की सकाळी फाटकाशी उभं राहून मी कारखान्याकडे निघालेल्या सायकलींचा लोंढा बघत असे. प्रत्येक हँडलला डब्याची पिशवी. त्यातली एक सायकल मामांची.

जबलपुरात मराठी माणूस आजचा नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत तिथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, आणि नोकरीच्या निमित्ताने मराठी घरं वाढत गेली. मामा १९७२ मध्ये व्हेईकल फॅक्टरीत लागले ते २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. इन्स्पेक्शन विभागात. हातात मायक्रोमीटर, खिशात छोटी वही. त्या कारखान्याने लष्करासाठी ज्या गाड्या केल्या, त्यांतली मामांची लाडकी म्हणजे जोंगा.

गेल्या दिवाळीनंतर जबलपूरला गेले होते. जेवणं झाल्यावर मामांचा नातू मोबाइल घेऊन आला. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये जुनी जोंगा घेतली, तेव्हापासून तरुण मुलांना या गाडीचं भलतंच वेड लागलंय. नातवाने गाडीचे फोटो दाखवले आणि सहज म्हणून गेला, "आजोबा, पण ही तर जपान्यांची कॉपी आहे ना? आपण काय केलं यात?"

मामा काही बोलले नाहीत. सुपारीचा डबा बंद करून उठले आणि आत गेले. मामी हळूच म्हणाली, "बत्तीस वर्षं गेली रे बाळा त्यांची त्यात."

त्याच रात्री मी ठरवलं, या जोंग्याची कुळकथा शोधायचीच!

नावातच जबलपूर

जोंगा हे नाव जपानी वाटतं, पण ते अस्सल जबलपुरी आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ते तयार झालं. गाडी मूळची निसान कंपनीची. तिचं तिकडचं नाव पट्रोल, म्हणजे गस्त घालणारी. साठच्या दशकात निसानशी झालेल्या करारातून ती आपल्याकडे आली. १९६९ मध्ये जबलपूरला खास वाहनांसाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ही गाडी तिथं तयार होत राहिली. अधिकाऱ्यांना नेण्यापासून जखमींना आणण्यापर्यंत सगळी कामं तिने केली. १०६ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफसुद्धा तिच्या पाठीवर चढली.

म्हणजे नातू म्हणाला ते खोटं नव्हतं. गाडी जपानी परवान्यावरच बनत होती. पण मग जपान्यांनी ती कुठून आणली?

डेट्रॉइटचे तीन भाऊ

त्यासाठी आपल्याला थेट अमेरिकेत जावं लागतं. जोसेफ, रॉबर्ट आणि रे ग्रॅहम हे तीन भाऊ. आधी ते ट्रक बनवत. १९२७ मध्ये त्यांनी डेट्रॉइटची पेज ही मोटार कंपनी विकत घेतली आणि ग्रॅहम-पेज या नावाने मोटारी बनवायला सुरुवात केली. फोर्ड किंवा जनरल मोटर्स यांच्यापुढे ही कंपनी लहानच. पण मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल, आई-वडील आणि मुलं ऐसपैस बसतील आणि दिसायलाही चारचौघींत उठून दिसेल अशी गाडी देण्याची तिची धडपड होती.

१९३२ मध्ये त्यांनी 'ब्लू स्ट्रीक' आणली. तिचा आकार एमॉस नॉर्थप या डिझायनरचा. तोवर मोटारीच्या चाकांवरचे मडगार्ड छत्रीसारखे उघडे असत, आतला चिखल आणि यंत्रसामग्री बाहेरून दिसे. नॉर्थपने मडगार्डच्या कडा खाली ओढून ते सगळं झाकून टाकलं. पाहता पाहता इतर कंपन्यांनीही तीच रीत उचलली. दुसरी युक्ती होती सांगाड्यात. मागचा अ‍ॅक्सल सांगाड्याच्या खालून नेण्याऐवजी सांगाड्यातच जागा ठेवून त्यातून आरपार नेला. त्यामुळे गाडी जमिनीजवळ आली, वळणावर कमी झुकू लागली.

आणि इंजिन? ग्रॅहमच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांत ते सिलिंडर एका रांगेत. या रचनेचं वैशिष्ट्य असं, की खाली-वर होणाऱ्या सहा दट्ट्यांचे धक्के एकमेकांना रद्द करतात. इंजिन थरथरत नाही. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाची झोप मोडत नाही! झडपा सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळे सुटे भाग कमी, आवाज कमी आणि दुरुस्ती सोपी. कुटुंबाच्या गाडीला याहून काय हवं?

पण मंदीचा काळ होता. कंपनीला पैशांची चणचण होती. १९३६ मध्ये ग्रॅहम-पेजने आपल्या क्रूसेडर या गाडीचे साचे आणि सहा सिलिंडरच्या इंजिनाची सामग्री निसानला विकली. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, जपानमध्ये 'निसान ७०' ही मोठी मोटार बाहेर पडली. अमेरिकन कुटुंबाची गाडी किमोनो नेसून उभी राहिली म्हणा ना! तेच इंजिन निसानच्या ट्रकमध्येही गेलं. इकडे ग्रॅहम भावांच्या कंपनीने १९४० मध्ये मोटारी बनवणं थांबवलं. सासर भरभराटीला आलं आणि माहेर मात्र मिटलं.

वहीतला आकडा

पुढची पायरी १९५१ ची. महायुद्धातल्या विलीज जीपच्या धर्तीवर निसानने पहिली पट्रोल बनवली. तिच्यात इंजिन घातलं ते तेच जुनं, ३,६७० सीसीचं. मग त्याचा व्यास वाढवून ते ३,९५६ सीसीचं झालं. १९५९ च्या सुमाराला बाजूच्या झडपा काढून त्या सिलिंडरच्या डोक्यावर बसवल्या. हवा आत-बाहेर जायचा मार्ग सरळ झाला आणि ताकद वाढली. हेच इंजिन जबलपूरला आलं. ताकद सुमारे ११० अश्वशक्ती.

एवढं सगळं वाचल्यावर मी मामांना विचारलं, "मामा, जोंग्याच्या इंजिनाची मापं आठवतात का हो?"

मामांनी वही काढलीसुद्धा नाही. "व्यास पंच्याऐंशी दशांश सात. स्ट्रोक एकशे चौदा दशांश तीन. झोपेत विचार."

स्ट्रोक म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढं अंतर जातो ते. मी कागदावर भागाकार केला. ११४.३ मिलिमीटर म्हणजे किती इंच? बरोबर साडेचार! ना कमी, ना जास्त. ग्रॅहमच्या मोटारीतल्या इंजिनाचा स्ट्रोकही साडेचार इंचच होता. जपानने नवं इंजिन मिलिमीटरमध्ये आखलं असतं तर ११४ घेतले असते, ११५ घेतले असते. हे दशांश तीनचं शेपूट कुठून आलं? ते डेट्रॉइटच्या फूटपट्टीवरून आलं होतं. घराण्यातलं नाक पिढ्यान्‌पिढ्या उतरावं, तसं!

मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. "अगं, हा आकडा मी हजारदा लिहिला असेल. असा का, हे कधी मनातच आलं नाही."

या लांब स्ट्रोकचा गुणही ते उत्साहाने समजावू लागले. असं मोठं, लांब स्ट्रोकचं इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण हळू फिरतानाच पूर्ण जोर लावतं. घोडा नव्हे, बैल! चिखलात, वाळूत, डोंगरात तेच कामाला येतं. त्याला जोड चारही चाकांना मिळणाऱ्या शक्तीची, पट्ट्यांच्या स्प्रिंगांची आणि शिडीसारख्या मजबूत सांगाड्याची.

"आणि मायलेज?" मी खोडी काढली.

"लिटरला पाच दिले तर पेढे वाट!" मामा खळखळून हसले.

उसनं घेतलं, पुढे काय?

नातवाला मी बोलावलं आणि सांगितलं, "अरे, जपान्यांनीही कॉपीच केली होती." तो चकित झाला. मला वाटलं, मामांचा मान राहिला. पण मामाच म्हणाले, "थांब. एवढ्यावर सोडू नकोस. उसनं सगळेच घेतात. त्यांनी घेतलं ते त्यांनी पुढे नेलं. झडपा बदलल्या, मग आणखी नवी इंजिनं केली, जगभर गाड्या विकल्या. आम्ही तीस वर्षं तीच गाडी नीट बनवत राहिलो. मापात केसाचा फरक पडू दिला नाही. पण पुढची गाडी काय असावी, हे आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही."

हे फक्त जोंग्याचं नाही. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली आपली अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. गिऱ्हाईक हमखास असलं आणि शेजारी स्पर्धक नसला, की बदलायची निकड वाटत नाही. लष्कराला पुढे हलक्या, कमी इंधन पिणाऱ्या गाड्या मिळाल्या आणि जोंग्याचा जमाना संपला. जुन्या जोंगा लिलावात निघाल्या. कोणी त्यांत डिझेल इंजिन बसवलं, कोणी हौसेने मूळ रूपात जपल्या. व्हेईकल फॅक्टरी आजही आहे. ऑक्टोबर २०२१ पासून ती आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सरकारी कंपनीचा भाग आहे.

निघायच्या दिवशी नातू आजोबांच्या शेजारी बसला होता. समोर ती छोटी वही. तो एकेक आकडा वाचत होता आणि पुढचा प्रश्न विचारत होता, "आजोबा, हा एवढाच का? बदलला असता तर काय झालं असतं?"

मामा उत्तर द्यायच्या आधी थोडे थांबले. मग म्हणाले, "पेन्सिल आण. काढून बघू."