गोदेपलीकडचे परदेशी

माझा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात अमेरिकेचा नागरिक झाला. ग्रीन कार्डावर पाच वर्षे काढून झाली, तिथला इतिहास नि राज्यकारभार यांवरची तोंडी परीक्षा झाली आणि मग हात वर करून त्याने शपथ घेतली. तिचा अर्थ आईला मीच सांगितला. आजवर ज्या परक्या राज्याशी निष्ठा होती ती सर्वस्वी सोडली! ‘परके’ म्हणजे कोण, हे तिला विचारावे लागले नाही. ती पदराशी चाळा करीत बसून राहिली.

तिची समजूत घालावी म्हणून मी आजोबांची गोष्ट काढली. आजोबा मूळचे नेवासे तालुक्यातले. पोटासाठी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आले. अंतर पुरते वीस कोसही नाही. पण मध्ये गोदावरी! पलीकडे इंग्रज, अलीकडे निजाम. कायगाव-टोक्याला नदी ओलांडली की कलदार रुपया जाऊन हाली येई, आणि करोडगिरीवाले बोचकी उसकटीत. सरकारी नोकरी हवी तर माणूस ‘मुलकी’ असावा लागे. उपऱ्यांसाठी १९१९ च्या नियमांत अट होती. पंधरा वर्षे संस्थानात कायमची वस्ती आणि शिवाय, मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र! आजोबांनी ते करून दिले. नेवाशाचे शेत मात्र विकले नाही. (आमच्या घराण्यात कारकुनी अशी पिढीजात आहे.) पुढे १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता गेली, १९५० साली राज्यघटना आली, आणि आजोबांचा परदेश त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

“पण दिलेलं त्यांनी उद्या काढून घेतलं तर?” आई म्हणाली.

प्रश्न अडाणी नव्हे, वाचकहो! अहमदाबादेस जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले, तिथेच वकिली करू लागले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंदांचे वकील पंडितच! मग सरकारने त्यांचेही नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला. तुमच्या शब्दावर विसंबून मी इथे आयुष्य उभे केले, आता तो फिरवता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. ते जिंकले, पण इतरांना १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

आईला पंडितांचे कौतुक वाटले. मग तिने आपल्याकडचे विचारले. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसरे नागरिकत्व घेतले की इथले आपोआप जाते. पासपोर्ट परत करायचा. ओसीआय कार्ड मिळते, त्यावर हवे तेव्हा यावे, राहावे. मत मात्र देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

नेवाशाचा सातबारा आता आईच्या नावावर आहे.

“आपलं शेतसुद्धा त्याला मिळायचं नाही?”

“वारसानं मिळेल. विकत घेता येणार नाही, एवढंच.”

“म्हणजे मी गेल्यावर,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.