टाकी मोठी, पण हवा किती?

खंडेनवमी जवळ आली आणि मोबाइल हत्यारांच्या जाहिरातींनी भरून गेला. ड्रिल आणि ग्राइंडर आता बऱ्याच घरांत असतात, म्हणून सवलतींच्या यादीत आता एअर कॉम्प्रेसर, म्हणजे पंक्चरवाल्याकडची ती हवेची टाकी, वर सरकली आहे. गेल्या पंधरवड्यात मला तिघांनी तिच्याबद्दल विचारलं. ठाण्याच्या भाच्याला गाडीच्या चाकांत हवा भरायची आहे आणि गॅरेजमधली धूळ उडवायची आहे. शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर सुतारकाम सुरू केलं आहे, त्यांना कपाटांना गनने पॉलिश मारायचं आहे. तिसरा माझा कॉलेजचा मित्र. तो जुनी बुलेट सुटी करून पुन्हा उभी करतो आहे. त्याला गंजलेले नट सोडवायचे आहेत, सँडर चालवायचा आहे आणि पेट्रोलच्या टाकीला रंगही घरीच द्यायचा आहे. कामं तीन तऱ्हेची, प्रश्न मात्र तिघांचा एकच: किती एचपीचा घेऊ आणि किती लिटरचा?

या दोन आकड्यांवरून कॉम्प्रेसर निवडायचा नसतो. दुर्दैवाने खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेच दोन छापलेले असतात.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी कितीही मोठी असो, खालचा पंप बारीक असेल तर सकाळी नऊनंतर नळ कोरडे पडतात. हवेचंही तसंच आहे. लिटर म्हणजे साठवण. खरा प्रश्न आहे तो मिनिटाला हवा किती तयार होते याचा, आणि तो आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, सांगतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८.३ लिटर.

इथेही सावध राहावं लागतं, कारण सीएफएमचे आकडे दोन असतात. पहिला ‘डिस्प्लेसमेंट’चा. पिस्टन एका फेरीत जितकी जागा व्यापतो तिला फेऱ्यांनी गुणलं की तो मिळतो. कागदावर तो भरघोस दिसतो. दुसरा ‘फ्री एअर डिलिव्हरी’चा, बोलीत एफएडीचा, म्हणजे प्रत्यक्ष नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेचा. लहान, एका टप्प्याच्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये हा दुसरा आकडा पहिल्याच्या साठ-सत्तर टक्केच भरतो. बाकीचं हेडमधल्या उरलेल्या फटीत, व्हॉल्व्हच्या गळतीत आणि तापलेल्या हवेच्या फुगण्यात जातं. शिवाय एफएडी कोणत्या दाबाला मोजला हेही विचारायलाच हवं. दाब वाढला की तो घटतो. ९० पीएसआयला किती, एवढं विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर यंत्राच्या माहितीपत्रकात पाहा. तिथेही नसेल, तर मी ते यंत्र घेणार नाही.

एचपीचा पडताळा सोपा आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटरच्या पट्टीवर १५०० वॅट कोरलं असेल, तर खोक्यावर ३ एचपी लिहिलं असलं तरी ती मोटर २ एचपीची आहे. आणि ९० पीएसआयला एका खऱ्या एचपीतून तीन-चार सीएफएमपेक्षा जास्त हवा निघत नाही. त्याहून मोठा दावा दिसला तर तो डिस्प्लेसमेंटचा आकडा समजावा.

दुकानात यंत्र चालवून दाखवत असतील तर घड्याळाने मोजता येतं. टाकी पूर्ण रिकामी करा, नळ बंद करा, मोटर सुरू करा आणि दाबाचा काटा शून्यावरून ८ बारवर जायला किती वेळ लागतो ते पाहा. ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली म्हणजे तिच्यात ५० गुणिले ८, म्हणजे ४०० लिटर जादा हवा गेली. तीन मिनिटं लागली तर मिनिटाला १३३ लिटर, म्हणजे पावणेपाच सीएफएमच्या आसपास. हा गुणाकार केलेला गिऱ्हाईक दिसला की विक्रेत्याची भाषा बदलते. मी हे दोनदा अनुभवलं आहे.

आता कोणत्या कामाला किती हवा लागते ते पाहू. चाकात हवा भरायला आणि खिळे मारण्याच्या छोट्या गनला एक-दोन सीएफएम पुरतात. नट सोडवणारी इम्पॅक्ट गन अधूनमधून चालते, तिला सरासरी चार-पाच लागतात. साध्या लहान स्प्रे गनचं चार ते सहात भागतं. कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या एचव्हीएलपी गनला आठ ते बारा हवेत. हवेवरचा सँडर सगळ्यांत खादाड आहे. त्यालाही आठ-बारा किंवा त्याहून जास्त लागतात, तेही न थांबता. म्हणून मित्राला मी सांगितलं, सँडर विजेवरचा घे. एका हत्यारासाठी दुप्पट मोठा कॉम्प्रेसर घेणं हा पैशांचा आणि जागेचाही अपव्यय आहे.

खरेदीच्या चर्चेत जी गोष्ट कुणीच काढत नाही, ती मात्र मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पाणी.

भोसरीत कॉम्प्रेसर दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. कुणी यंत्र घेऊन आलं की ते मोटरकडे पाहतच नाहीत. आधी वाकून टाकीखालचा ड्रेन कॉक उघडतात, ओंजळीत पाणी घेतात आणि त्याचा रंग बघतात. स्वच्छ पाणी म्हणजे मालक टाकी रिकामी करतो. तांबूस म्हणजे गंज लागला. चहासारखं दाट आलं, की ते यंत्र पुन्हा चालवूच देत नाहीत. माझ्यासमोर एका गॅरेजवाल्याला ते म्हणाले, “मोटर जळली तर पैसे जातात. टाकी गेली तर माणूस जातो.” त्यांना कॉम्प्रेसरबद्दल काहीही विचारा, दोन वाक्यांनंतर गाडी या नळावरच येते. सुरुवातीला मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. हिशेब करून पाहिल्यावर तसं वाटेनासं झालं.

जुलैतल्या कोकणातली हवा घ्या: ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता. तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. सहा सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाभरात दहा घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तिच्याबरोबर २६० ग्रॅमच्या आसपास पाणी. हीच हवा ८ बारला दाबली की तिचं आकारमान नवव्या हिश्शावर येतं. ती थंड झाली की त्यातल्या बहुतेक पाण्याला वाफ म्हणून राहायला जागाच उरत नाही. दोनशेवर मिलीलिटर पाणी टाकीच्या तळाशी आणि नळीत जमतं. अर्धा वेळ थांबत चालवलं तरी तासाला अर्धा पेला. मे महिन्यातल्या नागपुरात, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत, हेच पाणी निम्म्याहून कमी होतं. म्हणजे दिल्लीत किंवा नागपुरात बसून कुणी ‘माझी टाकी दहा वर्षं टिकली’ म्हणत असेल, तर त्याचं खरंच असेल, पण चिपळूणच्या किंवा वसईच्या टाकीला ते लागू होत नाही.

बहुतेक टाक्या आतून साध्या पोलादाच्या असतात. बाहेर चकचकीत रंग असतो, आत नसतो. पाणी तळाशी साचतं आणि पत्रा तिथेच आतून झिजत जातो. ८ बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर आठ किलोंचा जोर. तळहाताएवढ्या, शंभर चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर तो ८०० किलो होतो. पंक्चरच्या दुकानात टाकी फुटल्याची बातमी दर काही महिन्यांनी छापून येते आणि आपण ती वाचून पान उलटतो. तसलीच टाकी, कमी वापराची आणि म्हणून जास्त दुर्लक्षित, आपण जिन्याखाली आणून ठेवतो, जिथे मुलं खेळतात. कारखान्यात निदान तपासणीचा नियम तरी असतो. घरातली टाकी तपासायला कुणी येत नाही.

पाण्याचा त्रास रंगकामातही होतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. आषाढात कपाटाच्या दाराला मेलामाइन मारत होतो. पहिले दोन हात आरशासारखे आले. तिसऱ्याला गनमधून थेंब उडाले आणि सगळ्या पृष्ठभागावर फोड आले. दार पूर्ण घासून पुन्हा करावं लागलं. टाकीजवळच मी पाणी अडवणारा फिल्टर लावला होता, आणि तिथेच चूक होती. टाकीतून निघणारी हवा अजून गरम असते. तिच्यातलं पाणी वाफेच्याच रूपात फिल्टरमधून पार होतं आणि पुढे नळीत थंड झाल्यावर थेंब धरतं. फिल्टर आठ-दहा मीटर नळीनंतर, गनच्या बाजूला हवा. हे मिस्त्रींनी सांगितल्यानंतर आजतागायत माझ्या पॉलिशवर पाण्याचा फोड आलेला नाही.

तेलाचा घ्यावा की बिनतेलाचा, यावर लोक तासन् तास बोलतात. मला हा प्रश्न तितका अवघड वाटत नाही. बिनतेलाचा हलका असतो, देखभाल कमी मागतो, हवेत तेलाचा अंश नसतो. मोटरच्या गतीनेच, मिनिटाला २८०० फेऱ्यांनी, फिरणारे स्वस्त नमुने ९० डेसिबलपर्यंत ओरडतात आणि लवकर झिजतात. ‘सायलेंट’ म्हणून मिळणारे सावकाश फिरतात, साठ-सत्तर डेसिबलात राहतात, पण त्याच पैशांत हवा कमी देतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. इमारतीच्या पार्किंगमध्ये काम करणाऱ्याने सायलेंटच घ्यावा. शेजाऱ्यांचे संबंध कुठल्याही कपाटापेक्षा मोलाचे आहेत. स्वतंत्र घर असेल तर पट्ट्यावर चालणारा तेलाचा उत्तम. त्याचा पिस्टन सावकाश फिरतो, सुटे भाग पुण्या-कोल्हापुरापासून नांदेडपर्यंत मिळतात आणि गावातला मिस्त्रीही तो खोलू शकतो. या धंद्यात पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आणि कोइमतूरची एल्जी १९६० पासून आहे. इतक्या वर्षांच्या घडणीमुळे आपल्याकडे पिस्टन कॉम्प्रेसर जाणणारे हात गल्लोगल्ली आहेत. हा फायदा सेलमधल्या अनोळखी नावाच्या खोक्यात मिळत नाही. तेल मात्र कॉम्प्रेसरचंच घाला. उरलेलं इंजिन ऑइल ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि व्हॉल्व्हवर काजळी धरायला तेच कारण होतं.

विजेचं थोडक्यात सांगतो. २ एचपीपर्यंत घरातल्या सिंगल फेजवर, १६ अँपियरच्या सॉकेटवर भागतं. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला की ती नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि शेवटी जळते. लांब जायचं असेल तर हवेची नळी लांब घ्या, वायर नको. ही नळी कॉम्प्रेसरचीच असावी. नळकामाचा पीव्हीसी पाइप भिंतीवरून फिरवून त्यात हवा सोडलेली मी अनेक गॅरेजांत पाहिली आहे. पीव्हीसी पाण्याचा दाब सोसतं, कारण पाणी दबत नाही. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी जोर साठवून असते. पाइप तडकला की त्याच्या ठिकऱ्या सुरीसारख्या उडतात. हवेची गन अंगावर किंवा कुणाच्या शरीराला लावून केलेली ‘गंमत’ जिवावर बेतल्याच्याही बातम्या आहेत. घरात मुलं असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

तर तिघांना मी काय सांगितलं? भाच्याला कॉम्प्रेसरची गरजच नाही. मोटारीच्या सॉकेटवर चालणारा हातात मावणारा पंप त्याला पुरेल, धुळीला ब्लोअर. काकांना २४ ते ५० लिटरचा सायलेंट, खरे चार-पाच सीएफएम देणारा, आणि त्याला झेपेल अशी लहान गन. मित्राला पट्ट्याचा, २ एचपीचा, ५० लिटरच्या पुढचा, ९० पीएसआयला सहा सीएफएमचा लेखी आकडा असलेला. जुना घ्यायची त्याची फार इच्छा होती, स्वस्तात मिळत होता. मी नको म्हटलं. जुनी मोटर तपासता येते, हेड खोलून पाहता येतं, टाकीचा पत्रा आतून किती उरला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. कुणी पाणी भरून, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने चाचणी करून दिली, तरच जुन्याचा विचार करावा.

ज्यांच्या घरी टाकी आधीपासून आहे त्यांनी आज, हा लेख वाचून झाल्यावर, मोटरचा स्विच बंद करावा, काटा शून्याजवळ येईपर्यंत हवा सोडावी आणि खालचा नळ एका पांढऱ्या वाडग्यावर उघडावा. पाणी स्वच्छ असेल तर यापुढे काम संपल्यावर दर वेळी तेच करा. गंजाचं पाणी आलं, किंवा टाकीच्या पोटाला टाचणीएवढं जरी भोक दिसलं, तर त्यावर वेल्डिंगचा ठिपका मारून घेऊ नका, एम-सील लावू नका. मोटर आणि हेड ठेवा, टाकी भंगारात द्या, आणि देण्याआधी तिला ड्रिलने मोठं भोक पाडा, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या जिन्याखाली जाणार नाही.