ईमेल गेला, खातं नाही

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये माझं च्वॉइस सेंटर, म्हणजे ऑनलाइन सेवांचं केंद्र, आहे. इथल्या पोलाद प्लांटातून निवृत्त झालेले मराठी काका बहुधा एकच तक्रार घेऊन येतात : ‘फेसबुक उघडत नाही रे, आणि तो जुना ईमेलही हातचा गेलाय.’

मी आधी विचारतो, ‘काका, जुना मोबाइल कुठाय?’ ज्या फोनवर, ज्या वायफायवर खातं नेहमी उघडायचं, तिथूनच प्रयत्न केला तर जीमेलसाठी गूगलला ओळख पटवणं सोपं जातं. फेसबुकवर मोबाइल नंबरावरूनही खातं शोधता येतं. जोडलेला नंबर चालू असला की ओटीपीवर काम भागतं. मात्र बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. जुना ईमेलही कायमचा राहतोच असं नाही : दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. याहूने तर २०१३ मध्येच पडून राहिलेले पत्ते नव्या लोकांना देऊ केले होते.

‘पैसे द्या, खातं मिळवून देतो’ म्हणणारा भामटाच समजा. खातं उघडतंय तोवरच सेटिंगमध्ये चालू नंबर आणि दुसरा ईमेल घाला. गूगलचे आठ अंकी बॅकअप कोड कागदावर उतरवून पासबुकासोबत ठेवा.