यादवी घरची, दारूगोळा बाहेरचा

गृहयुद्धाला आपण मराठीत ‘यादवी’ म्हणतो. महाभारताच्या मौसलपर्वात यादव प्रभासक्षेत्री एकमेकांवर उठले आणि समुद्रकाठची लव्हाळी उपटून त्यांनीच एकमेकांना मारते झाले. त्या भांडणात तिऱ्हाईत कोणी नव्हता. हत्यारसुद्धा आपल्याच किनाऱ्यावर उगवलेले! आधुनिक यादवी मात्र अशी घरातल्या घरात राहत नाही. भांडण घरचे असते हे खरे. पण ते किती दिवस चालावे आणि कोणी जिंकावे, हे पुष्कळदा शेजारी ठरवतात. स्पेनचे उदाहरण घेऊ.

स्पेनमधले भांडण कोणी बाहेरून आणून पेरले नव्हते. १९३१ साली राजा देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक आले. दक्षिणेत, अंदालुसियाच्या बाजूला, मोठमोठ्या जमीनदाऱ्या आणि त्यांवर राबणारे भूमिहीन मजूर. हंगामात काम, एरवी उपास. जमीनसुधारणेचा कायदा १९३२ साली झाला, पण अंमल गोगलगायीच्या चालीने. शिक्षणातून चर्चचा हात काढू गेले म्हणून श्रद्धाळू दुखावले. अधिकाऱ्यांची संख्या घटवली म्हणून लष्कर रुसले. कातालोनियाला स्वायत्तता दिली म्हणून अखंड स्पेनवाले खवळले. आता, जमिनीचे, धर्माचे, भाषेचे तंटे आपल्याकडे तरी काय कमी आहेत? तंटे असले म्हणजे यादवी होतेच असे नाही. निवडणूक हरलेल्याला जेव्हा वाटू लागते की आपली नुसती सत्ता नव्हे, जगण्याची जागाच गेली, आणि त्याच वेळी बंदूक धरणारे हात दुभंगतात, तेव्हा ती होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये डाव्या पक्षांची आघाडी निवडून आली. १७ जुलैला मोरोक्कोतल्या लष्कराने बंड केले. सगळेच सैन्य बंडात गेले असते तर आठवड्याभरात सत्तापालट होऊन गेला असता. अगदी थोडे गेले असते तर बंड तिथेच विझले असते. काही इकडे, काही तिकडे झाले, म्हणून युद्ध झाले.

इथवरची गोष्ट स्पेनची. पुढची युरोपची.

बंडवाल्यांची सर्वांत कसलेली फौज जनरल फ्रँकोच्या हाताखाली मोरोक्कोत होती आणि मध्ये समुद्र. आरमारातल्या खलाशांनी बऱ्याचशा जहाजांवर आपल्याच अधिकाऱ्यांना धरून सरकारची बाजू घेतली. म्हणजे बंड तिथेच अडकले होते म्हणाना! तेवढ्यात हिटलरची सुमारे २० वाहतूक विमाने आली, मुसोलिनीनेही विमाने पाठवली, आणि हजारो शिपाई आकाशमार्गे स्पेनच्या भूमीवर उतरले.

मग ब्रिटन-फ्रान्सने काय केले? त्यांनी एक समिती काढली. ९ सप्टेंबर १९३६ रोजी लंडनमध्ये ‘हस्तक्षेप न करण्याची’ समिती प्रथम बसली. पुढे सभासद राष्ट्रे २७ झाली. त्यांत जर्मनी होता, इटली होता, रशियाही होता. दोन्ही बाजूंना शस्त्रे द्यायची नाहीत असे ठरले. वरवर किती न्यायाचे वाटते, नाही? पण यातली मेख पाहा. कायदेशीर सरकारला परदेशातून शस्त्रे विकत घेण्याचा हक्क असतो. समितीने त्या सरकारला बंडखोरांच्या ओळीत आणून बसवले. ज्यांनी वचन पाळले त्यांचा फटका सरकारला बसला. ज्यांनी मोडले त्यांचा फायदा फ्रँकोला झाला. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका गाव जर्मन आणि इटालियन विमानांनी जाळले, तेव्हाही समितीचे काम चालूच होते.

सरकारला मदत मिळालीच नाही असे नव्हे. रशियाने रणगाडे आणि विमाने दिली, पण फुकट नाही. सुमारे ५१० टन सोने मॉस्कोला रवाना झाले आणि सरकारी पक्षात कम्युनिस्टांचे वजन वाढत गेले. मदत करणारा आपला हिशेब बरोबर घेऊन येतो, तो असा. त्याखेरीज पन्नासाहून अधिक देशांतले सुमारे ३५,००० स्वयंसेवक लढायला आले. त्यांतल्या बहुतेकांना हिशेब ठाऊकच नव्हता.

जून १९३८ मध्ये पंडित नेहरू बार्सेलोनात होते. शहरावर बाँब पडत होते आणि माणसे अर्धपोटी होती. हे युद्ध म्हणजे स्पेनचा खासगी मामला आहे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. लंडन-पॅरिसला मात्र ते तसे वाटणे सोयीचे होते. तीनच महिन्यांनी म्युनिचला चेकोस्लोव्हाकियाच्या बाबतीतही अशीच सोय पाहण्यात आली.

२७ फेब्रुवारी १९३९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी फ्रँकोच्या सरकारला मान्यता दिली. माद्रिद तेव्हा अजून पडलेले नव्हते. त्याआधीच काही लाख निर्वासित बर्फातून पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये गेले होते आणि समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तारांमागे त्यांना ठेवले होते. युद्ध १ एप्रिलला संपले. लंडनची समिती त्याच महिन्यात रीतसर बरखास्त झाली.