संशोधनलेखाचे प्रकाशनपूर्व संपादन

‘संपादन’ हा शब्द उच्चारताच मराठी अभ्यासकाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवणे स्वाभाविक आहे. तेथे संपादकासमोर केवळ पोथ्या होत्या. ग्रंथकाराला काही विचारण्याची सोय नव्हती. नियतकालिकाकडे पाठवावयाच्या संशोधनलेखाच्या संपादनात स्थिती याच्या उलट असते. लेखक हयात असतो आणि शंकांना उत्तर देण्यास समर्थ असतो. या एका भेदातच प्रकाशनपूर्व संपादनाचे सारे शास्त्र सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हे संपादन व्यवसाय म्हणून करणारा संपादक नियतकालिकाचा नसतो. लेखकाने वा त्याच्या संस्थेने त्याची योजना केलेली असते. लेख स्वीकारावा की नाकारावा, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्या कार्याच्या स्थूलमानाने तीन पायऱ्या मानता येतात. पहिली रचनेची : युक्तिवादाचा क्रम, प्रकरणांची प्रमाणबद्धता, सारांश व निष्कर्ष यांतील मेळ. दुसरी भाषेची : व्याकरण, वाक्यरचना आणि संज्ञांची एकवाक्यता. तिसरी अंतिम वाचनाची : कोष्टके, आकडे, लिप्यंतर व संदर्भ नियतकालिकाच्या पद्धतीस अनुसरून आहेत की नाहीत, याची तपासणी. हा क्रम मोडला तर श्रम वाया जातात. जो परिच्छेद पुढे गाळावयाचा आहे, त्याची भाषा घासूनपुसून काय साधणार?

यांपैकी दुसरी पायरी वरवर सर्वांत निरुपद्रवी वाटते. वस्तुतः खरा धोका तेथेच असतो. कारण भाषा सुधारताना विधानाचे बल नकळत बदलू शकते.

एक उदाहरण घेऊ. ‘हा ताम्रपट बाराव्या शतकातील असावा’ या वाक्यात ‘असावा’ हे रूप अनुमान दर्शविते. ‘लेख निर्दोष असावा’ या वाक्यात तेच रूप अपेक्षा दर्शविते. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारा अभ्यासक पहिल्या वाक्यासाठीही ‘शुड बी’ असा प्रयोग सहज करून जातो. त्यातून इंग्रजी वाचकाला ताम्रपट त्या शतकातील असायला हवा, असा काहीसा अपेक्षेचा अर्थ जाणवतो. संपादकाला वाक्य खटकते आणि तो ‘इज’ अशी दुरुस्ती करतो. वाक्य शुद्ध झाले. परंतु अनुमानाचे रूपांतर निश्चित विधानात झाले. त्याऐवजी ‘मे बी’ घातले, तर केवळ शक्यता उरते. ‘प्रॉबेब्ली इज’ घातले, तर मूळ अर्थ बहुधा साधतो. तिन्ही रूपे शुद्धच आहेत. त्यांतील योग्य कोणते, हे व्याकरण सांगू शकत नाही. ते पुराव्यावरून ठरते, आणि पुरावा लेखकापाशी असतो.

निश्चिततादर्शक ‘द’ या उपपदाचीही हीच कथा आहे. मराठीत उपपदे नाहीत. ‘चार पोथ्या ताडून पाहिल्या’ एवढ्याने आपला निर्वाह होतो. ‘फोर मॅन्युस्क्रिप्ट्स’ असे लिहिले, तर आणखी पोथ्या असण्यास वाव राहतो. आधी उल्लेख नसताना ‘द फोर मॅन्युस्क्रिप्ट्स’ असे लिहिले, तर उपलब्ध पोथ्या चारच, असे सूचित होते. पाचवी पोथी ठाऊक असलेला परीक्षक अशा वेळी दोष संपादकाला देत नाही, लेखकाला देतो. संख्याशास्त्रातील ‘सिग्निफिकंट’ या संज्ञेऐवजी केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द घातला, तर कसोटीचा निष्कर्ष हे निव्वळ मत होऊन बसते.

यावरून संपादकाचा पहिला नियम निष्पन्न होतो : जेथे एकच अर्थ संभवतो, तेथे दुरुस्ती करावी, जेथे दोन संभवतात, तेथे प्रश्न विचारावा. प्रत्येक बदल लेखकाला दिसेल अशा रीतीने नोंदवावा आणि समासात शंका लिहावी. लेखकाचेही कर्तव्य तितकेच स्पष्ट आहे. सर्व बदल एकदम मान्य न करता प्रत्येक वाक्य आपल्या पुराव्याशी ताडून पाहिले पाहिजे.

जबाबदारीचा हा प्रश्न १९७८ साली व्हॅंकूव्हर येथील बैठकीतून उदयास आलेल्या वैद्यकीय नियतकालिक-संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही विचारात घेतला आहे. तिच्या शिफारशींनुसार केवळ भाषासंपादन वा मुद्रितशोधन केल्याने कोणी लेखाचा सहलेखक ठरत नाही. अशा साहाय्याचा निर्देश ऋणनिर्देशात करावा. २०२३ साली या शिफारशींत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी भर घालण्यात आली. असे साधन लेखनाची जबाबदारी पत्करू शकत नाही, म्हणून त्याला लेखक म्हणता येत नाही. त्याचा वापर मात्र प्रकट केला पाहिजे. प्रस्तुत संदर्भात या साधनांचा एक विशेष ध्यानात घ्यावा. ती वाक्य चटकन सफाईदार करतात, परंतु संदिग्ध स्थळी थांबून लेखकाला प्रश्न विचारतीलच, असा भरवसा नसतो. ‘असावा’चे ‘आहे’ येथेही होऊ शकते, आणि तेही अधिक सुबक भाषेत.

पदवीसाठी सादर करावयाच्या प्रबंधात ही मर्यादा अधिक काटेकोर असावयास हवी. कारण तेथे निष्कर्षांइतकीच विद्यार्थ्याची स्वतःची क्षमताही तपासली जाते. रचना व युक्तिवाद यांस परक्या हाताने आकार देणे तेथे उचित नव्हे, आणि भाषिक साहाय्यही मार्गदर्शकाच्या संमतीनेच घ्यावे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी ज्या पाठाविषयी पुरेशी खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेषा दिली आणि स्वतः सुधारलेल्या पाठास तारांकन केले. आपल्या खात्रीची मर्यादा त्यांनी छापील पृष्ठावरच वाचकाच्या दृष्टीस पडेल, अशी ठेवली. संशोधनलेखात त्या नागमोडी रेषेचे काम ‘असावा’, ‘दिसते’, ‘संभवते’ यांसारखे शब्द करीत असतात. ते पुसून टाकणारे संपादन भाषा कितीही शुद्ध करो, संशोधनाचे मात्र नुकसानच करते.